तळपाय बघणारी डॉक्टर

क्वेन डॉक्टरच्या दवाखान्याच्या पडवीत माझा शेवयांचा गाडा लागतो, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या रश्श्याचा वास घेतो आणि मग तिच्या दारात चपला काढतो. परत जाताना त्याच्या गालावर, मानेवर नाहीतर नाकाशेजारी बोटभर पट्टी असते आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू. ते पट्टीमुळे नसतं. गालावरचा तीळ काढायला गेलेल्या माणसाला या बाईने दोन्ही तळपाय दाखवायला लावलेले असतात.

सायगॉनपासून लांबच्या आमच्या सादेक गावात वडीलधाऱ्या माणसासमोर पाय पसरून बसलं तरी आई चिमटा काढते. आणि इथे ही पांढऱ्या केसांची, मोठ्या इस्पितळात जन्म काढून निवृत्त झालेली बाई स्वतः बुटक्या स्टुलावर बसते, पेशंटला खुर्चीत बसवते आणि म्हणते, "हं, पाय वर." कितीतरी पोरी लाजून पळाल्यात. एक मास्तर तर रागावून म्हणाले होते, "मी चामखीळ काढायला आलोय, घोड्याला नाल मारायला नाही." तिने शांतपणे त्यांचे पाय बघितले, हाताची नखं बघितली, मग चामखीळ काढली.

मी एकदा न राहवून विचारलं, "क्वेनताई, लोक तोंड घेऊन येतात, तुम्ही पाय काय बघत बसता?"

"तोंडाला सगळेच जपतात गं, चिन. तोंडावर मुंगीएवढं काही आलं तरी दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. आपल्या लोकांचा वाईट डाग तिथे येत नाही. तो तळपायाला येतो, तळहाताला येतो, नखाखाली लपून बसतो. मोठ्या इस्पितळात होते तेव्हा असे फार बघितले. सगळे उशिरा आलेले."

तिचा दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला पूर्वजांचा देव्हारा, दुसरीला तिची स्कूटर, मधे पडदा आणि पडद्यामागे तीळ जाळायची विजेची सुई. बधिर करायचं इंजेक्शन दिलं की सुई बारीक गुणगुणते, जळक्या केसासारखा वास येतो आणि काम झालेलं असतं. तिचा हात इतका हलका की माणूस विचारतो, "सुरू कधी करणार?" तोवर ती पट्टी चिकटवत असते.

आमच्याकडे तीळ हा नुसता तीळ नसतो. ओठावरचा असला तर खायला कमी पडत नाही, कानावरचा असला तर माणूस आईबापाला जपतो, खांद्यावरचा असला तर जन्मभर ओझं. म्हणून निम्मे लोक दिसायला वाईट म्हणून तीळ काढायला येतात आणि निम्मे नशीब बदलायला. शिकलेली माणसं अशांना हसतात. क्वेन डॉक्टर कधी हसली नाही. ओठावरचा भाग्याचा तीळ कुणी चुकून काढायला सांगितला तर ती स्वतःच म्हणते, "घरी विचारलंस का? नंतर आई माझ्या दारात येऊन भांडेल."

एकदा लग्न ठरलेली एक मुलगी आली. डोळ्याखाली तीळ. आम्ही त्याला आसवांचा तीळ म्हणतो. तो ज्या बाईला असतो तिचा नवरा टिकत नाही म्हणतात. होणाऱ्या सासूने निरोप धाडला होता, आधी तीळ काढ, मग पत्रिका छापू. मुलगी मान खाली घालून बसली होती. क्वेन डॉक्टर म्हणाली, "तुला नको असेल तर आत्ता काढते. सासूला नको असेल तर सासूला घेऊन ये. तिचं काय काढायचं ते बघू." मी बाहेर रस्सा ढवळत होते, हसून हसून पळी हातातून सुटली. मुलगीही हसली आणि मग म्हणाली, "मलाही नकोच आहे, मावशी." तेव्हा डॉक्टरने तो काढला.

पट्टी लागलेल्यांच्या जेवणावर मात्र माझी नजर असते. जखम ओली असताना नाळीची भाजी खाल्ली की व्रण फुगतो, बीफ खाल्लं की काळा पडतो, अंडं खाल्लं की पांढरा डाग राहतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डॉक्टर म्हणते, "खाऊ दे गं, काही होत नाही." मी म्हणते, "तुमचं औषध तुम्ही सांभाळा, माझा गाडा मी सांभाळते. गालाला भोक पाडून आलेल्या बाईला मी बीफ घालणार नाही." ती हात जोडते आणि आत जाते. ओली हळद लावायला मात्र तिची हरकत नसते, फक्त खपली पडल्यावर.

हे सगळं सांगताना जी गोष्ट सगळ्या गावाला दिसते ती सांगायची राहिली. आसवांचा तीळ खुद्द क्वेन डॉक्टरच्या डाव्या डोळ्याखाली आहे. चांगला तांदळाएवढा, काळाभोर.

तिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्याही सासूने तो काढायला सांगितला होता. नवरा मुलगा नदीवरच्या तराफ्यावर इंजिन चालवायचा. तो आईला म्हणाला, "तो तीळ बघूनच मी हिच्या मागे लागलो, तोच काढायला लावलास तर मी ओळखायचं कसं?" लग्न झालं. काही वर्षांनी तो तापाने गेला, आणि सासूने भर अंत्ययात्रेत तिच्या डोळ्याखाली बोट ठेवून म्हटलं, "बघ." त्यानंतर त्या बोटाची जागा अख्ख्या गावाने घेतली. तोंडावर कुणी बोलत नाही. सगळ्यांचे तीळ तीच तर काढते. पण तेत आला की कळतं.

तेतच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर घराचं अख्खं वर्ष ठरतं. त्यासाठी लोक महिनाभर आधी माणूस हेरून ठेवतात. भरल्या घरातला, हसऱ्या तोंडाचा, धंदा चांगला चाललेला. विधवेला कुणी बोलावत नाही, आणि आसवांचा तीळ असलेल्या विधवेचं तर नावच नको. क्वेन डॉक्टर तेतच्या दिवशी दुपारपर्यंत आपलं दार बंद ठेवून आत बसते. चुकून कुणाच्या दारावरून जाणं झालं, कुणी घाईने "या" म्हटलं, तर त्यांना वर्षभर खटकत राहील, म्हणून. मला याचा संताप यायचा. पण माझ्याही घरी पहिलं पाऊल माझ्या मावसभावाचं असायचं, हे खरं.

आता माझ्या थोरल्या भावाची गोष्ट. त्याला सगळे ताम दादा म्हणतात. त्याची कालव्याकाठी शेवंतीची बाग आहे. पाण्यावर बांबूचे मांडव, मांडवावर कुंड्या, मधून होडी. दर तेतआधी तो क्वेन डॉक्टरला दोन कुंड्या देतो, कारण आईच्या शेवटच्या दुखण्यात ती रोज येऊन बसायची. पूर्वी तो चपला काढून आत यायचा, कुंड्या देव्हाऱ्यापाशी ठेवायचा, चहा प्यायचा आणि भाव पडल्याचं रडगाणं गायचा. मग काय झालं कोण जाणे, तो कुंड्या उंबऱ्याबाहेरच ठेवायला लागला. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. "पायाला चिखल आहे डॉक्टर, आत नको," म्हणायचा आणि सटकायचा. असे दोन-तीन तेत गेले.

एका वर्षी तो असाच कुंड्या ठेवून गेल्यावर क्वेन डॉक्टर माझ्या गाड्यापाशी येऊन उभी राहिली.

"चिन, तुझा भाऊ जन्मभर अनवाणी चिखलात वावरला. आता कोरड्या रस्त्याने येताना बूट कशाला घालतो?"

"नवं घर बांधलंय ना. साहेब झालाय," मी म्हटलं.

"साहेब चांगले बूट घालतो. आणि घरात शिरताना काढतो."

मी तिच्यासाठी वाढलेल्या शेवया तशाच टाकून ती आत गेली. दुपारी गाडा आवरून मी थेट दादाच्या घरी गेले. दादा बागेत होता, वहिनी लसूण सोलत होती. मी विचारलं तशी तिने आजूबाजूला बघितलं आणि कौतुकाने सांगितलं, "कुणाला बोलू नकोस हं. ह्यांच्या टाचेवर भाग्याचा तीळ आलाय."

तळपायावर तीळ म्हणजे आमच्याकडे राजयोग. तो आला त्या वर्षी दादाची फुलं तेतच्या कितीतरी आधी संपली. पुढच्या वर्षी तीळ चिंचोक्याएवढा झाला आणि जुन्या घराच्या जागी पक्कं घर उभं राहिलं. मग इंजिनाची होडी आली. ज्योतिष्याने सांगितलं होतं, झाकून ठेवा, नजर लागेल. दादाला डॉक्टरची सवय माहीत होती, म्हणून बूट.

"हा सगळा त्या तिळाचा पायगुण," वहिनी म्हणाली. "तो वाढतोय तसा आपला धंदा वाढतोय."

"पन्नाशी उलटल्यावर तीळ वाढतो होय गं? भेंडी आहे का ती?" मी ओरडले. "दुखतो का?"

"हल्ली जरा चिघळतो," वहिनी हळूच म्हणाली. "पण ते बुटांमुळे."

मी डॉक्टरला सांगितलं. दादाला कळलं तेव्हा त्याने निरोप पाठवला, "ती बाई बागेत आली तर होडी उलटी करीन. वर्षाची कमाई तोंडावर आलीय, आत्ता माझ्या नशिबाला कुणी हात लावायचा नाही."

तो वर्षातला शेवटचा महिना होता. नव्या वर्षात नवं तोंड घेऊन जायचं म्हणून याच दिवसांत डॉक्टरकडे रांग लागते. दुसऱ्या दिवशीही पडवी भरली होती. क्वेन डॉक्टरने बाहेर येऊन सगळ्यांची माफी मागितली, दाराला कुलूप घातलं आणि मला म्हणाली, "चल, मला होडीत बसता येत नाही, धरून ने."

दादा मांडवांच्या मधोमध होडीत उभा होता, वहिनी कुंड्या हातात देत होती. आम्हाला बघून तो होडी उलटी काय करतोय, उलट घाबरून पडता पडता राहिला. पायात बूट होतेच. आमची होडी त्याच्या होडीला लागली. क्वेन डॉक्टर माझा खांदा धरून त्याच्या होडीत उतरली आणि तळाशी साचलेल्या पाण्यात खुशाल बसली. चांगली इस्त्रीची विजार होती.

"पाय द्या, दादा."

"भलतंच काय डॉक्टर! माझा चिखलाचा पाय तुमच्या मांडीवर? मला पाप लागेल."

"ते मला लागू दे. गाव मला नवरा खाल्लेली बाई म्हणतं. त्यात आणखी थोडं."

हे शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. तिने डोळ्याखाली बोट नेलं, तिच्या सासूने ठेवलं होतं तसंच.

"हा मी इतकी वर्षं ठेवलाय, ताम दादा. जाळायची सुई माझ्या घरात आहे, आरसाही आहे. लोकांचं बोलणं कायमचं बंद करायला मला चहा गार होण्याइतका वेळ लागला असता. का नाही काढला? एक म्हणजे माझ्या माणसाला तो आवडायचा. आणि दुसरं, तो तीळ आहे. त्याने कुणाचं काही बिघडवलं नाही. तुमचाही तीळच असेल तर मी त्याला नमस्कार करून जाईन आणि गावात एक शब्द बोलणार नाही. पण मला बघू द्या."

दादा खाली बसला. त्याने बूट ओढून काढले. तिने त्याची टाच मांडीवर घेतली, कालव्याच्या पाण्याने धुतली, स्वतःच्या गळपट्ट्याने पुसली. डाग मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. शाई सांडल्यासारखा वेडावाकडा, एका कडेला काळा, एका कडेला तपकिरी, आणि मधे ओली भेग. डॉक्टरने भिंग लावलं आणि खूप वेळ वाकून बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने भिंग खाली ठेवलं तेव्हा मला कळलं.

"दादा, हा तीळ नाही."

"मग काय आहे?"

"शेवंतीच्या बुंध्याला काळी कूज लागली की तुम्ही काय करता?"

"उपटतो," दादा म्हणाला. "भोवतालच्या मातीसकट."

"फुलांनी भरलेली असली तरी?"

त्याने मांडवावरच्या कुंड्यांकडे बघितलं. "भरलेली असली तरी. नाहीतर अख्खी रांग जाते."

वहिनी रडायलाच लागली. "मग आजच जाळून टाका ना, डॉक्टर! तुमच्याकडे नाहीतर बाजारातल्या लेझरच्या पार्लरमध्ये. तिथे तर बसल्या बैठकीला होतं म्हणतात."

आयुष्यात पहिल्यांदा मी क्वेन डॉक्टरचा आवाज चढलेला ऐकला. "जाळायचं नाही! वरचं काळं जाईल आणि मूळ आत राहील, मग ते कुणाला दिसणारही नाही. हे अख्खं कापून काढायचं, तपासायचं. ते माझ्या खोलीत होत नाही. सायगॉनला जायचं."

"तेत झाल्यावर जाऊ," दादा पुटपुटला.

"उद्याच्या गाडीची तिकिटं काढलीत मी. तुमचं आणि माझं."

"पाय न बघताच?"

"बूट बघितले होते," ती म्हणाली.

दादा गेला. डॉक्टर त्याच्याबरोबर गेली ती आठवडे उलटले तरी तिथेच राहिली, कारण मोठ्या इस्पितळात दादाला दिशा कळेना आणि वहिनीला बाग सोडता येईना. बंद दारासमोर येऊन लोक कुरकुरले आणि पार्लरमध्ये गेले. टाचेचा मोठा तुकडा कापला, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतली गाठ काढून तपासली. ती स्वच्छ निघाली. फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाली, "चिन, आलो गं वेळेवर." मी गाड्यामागे बसून ओक्साबोक्शी रडले आणि त्या दिवशी सगळ्यांच्या शेवया खारट झाल्या.

आणि त्याच वर्षी शेवंतीचा भाव पडला. वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला तरी निम्म्या कुंड्या मांडवावर तशाच. दादाच्या शेजारची फूलवाली माझ्या गाड्यापाशी येऊन मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नशीब कापून टाकलं की असंच व्हायचं." मी पळी घेऊन तिच्या अंगावर गेले. पण मनातून मीही घाबरले होते. दादा काय म्हणेल? त्याने मान्य केलं होतं ते भीतीने. आता हे बघून तो डॉक्टरला बोल लावेल, आणि त्या बाईच्या डोळ्याखालच्या तिळावर आणखी एका घराचं खापर फुटेल. त्याचा जीव वाचवून तिला हेच मिळणार असेल, तर तो माझा भाऊ नव्हे, असं मी ठरवून टाकलं होतं.

दुपारी दादा कुबड्यांवर टेकत गाडीतून उतरला. डॉक्टर त्याला सोडून उंबऱ्याबाहेरूनच परत गेली. दादाने न विकलेल्या कुंड्यांकडे बघितलं.

"सगळ्या घराभोवती लावा," तो म्हणाला. "दर वर्षी विकून टाकतो. माझ्या दारात इतकी फुलं मी कधी बघितलीच नाहीत." मग मला जवळ बोलावलं. "चिन, डॉक्टरला सांग, उद्या सकाळी आमच्या घरी पहिलं पाऊल त्यांचं. त्या आल्याशिवाय मी दुसऱ्या कुणाला आत घेणार नाही."

मी धावतच गेले. क्वेन डॉक्टरने ऐकलं आणि मान हलवली. "वेडी आहेस का? माझं तोंड ठाऊक आहे ना? पुढे कधी पाय दुखला तर त्याला हाच दिवस आठवेल."

"तुम्हीच सांगितलंत ना, तो तीळ आहे म्हणून?" मी म्हटलं. "आता घाबरता कशाला?"

ती उठली आणि कपाट उघडायला लागली.

आज दादा लंगडत का होईना, स्वतः होडी हाकतो, म्हणून मला हे हसत सांगता येतं. त्या सकाळी मात्र मी दोनदा रस्त्यावर जाऊन बघून आले. पिवळ्या कुंड्यांच्या रांगेतून क्वेन डॉक्टर आली. जांभळा रेशमी झगा घातला होता, लग्नातला असावा, घड्या अजून गेल्या नव्हत्या. उंबऱ्यापाशी येऊन ती थांबली. गल्लीतली माणसं दारादारात उभी होती. फूलवालीही आपल्या दारातून बघत होती. दादा आत खुर्चीत बसला होता, बांधलेला पाय बुटक्या स्टुलावर.

"थांबा डॉक्टर," तो म्हणाला. "आधी पाय वर."

तिने एक क्षण त्याच्याकडे बघितलं. मग चपला काढल्या, चौकट धरली आणि एक तळपाय उचलून दाखवला, मग दुसरा. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गालावर, तिळावरून, खाली येत होतं. ते तिने पुसलं नाही. दादाने वाकून नीट बघितलं, तिच्यासारखंच कपाळाला आठ्या घालून.

"स्वच्छ आहेत दोन्ही," तो म्हणाला. "या, क्वेनताई."

आणि ती उंबरा ओलांडून आत आली.